ढिगाला नाही, सवयीला बक्षीस

(ओझर येथे बचत गटांच्या महासंघाच्या बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर. विषय : शाळेतल्या स्पर्धांमधून मुलांना कचरा वेगळा करायची आणि पुनर्वापराची सवय कशी लावता येईल.)



आजच्या बैठकीत कर्जाचे प्रस्ताव आहेत, थकबाकीचा विषय आहे. त्यात हा शाळेच्या कचऱ्याचा विषय कशाला, असं कुणाला वाटेल. म्हणून आधी कारण सांगते. जूनच्या मध्याला शाळा उघडतील. इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणी कुठल्या ना कुठल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर आहेत. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आणि निम्म्या जागा बायकांना. म्हणजे वर्षभरात शाळेत काय व्हावं, हे सुचवायचा अधिकार आपल्याकडं आहेच. तो फक्त सही करण्यापुरता वापरायचा नाही.

शाळा स्पर्धा घेतातच. पर्यावरण दिन, गांधी जयंती, स्नेहसंमेलन, काही ना काही निघतंच. प्रश्न स्पर्धा घ्यावी की नाही हा नाहीच. स्पर्धेत बक्षीस कशाला द्यायचं, हा आहे. माझं सगळं बोलणं या एका मुद्द्यावर आहे.

‘टाकाऊतून टिकाऊ’ नेमकं काय होतं?

आपल्या सगळ्यांच्या ओळखीची स्पर्धा म्हणजे ‘टाकाऊतून टिकाऊ’. विचार चांगला आहे. पण घरात काय होतं ते तुम्हालाच माहीत. मुलगा रात्री नऊ वाजता सांगतो, उद्या वस्तू न्यायची आहे. मग आई दुकानात जाते. नवा चकाकी कागद आणते, नवा थर्माकोल, नवा डिंक, नवे मणी. बाटली तेवढी घरातली जुनी. रात्री अकरापर्यंत आई बसून फुलदाणी करते आणि मुलगा झोपलेला असतो. दुसऱ्या दिवशी प्रदर्शन, फोटो, टाळ्या. आठवड्यानं तीच फुलदाणी बाटलीसकट, थर्माकोलसकट उकिरड्यावर. एक बाटली भंगारात गेली असती तर तिचं काहीतरी झालं असतं. आता तिला डिंक लागला, रंग लागला. ती भंगारवालाही घेत नाही. आपण एका टाकाऊतून चार टाकाऊ तयार केले.

दुसरी स्पर्धा वजनाची. जो जास्त प्लास्टिक आणेल तो पहिला. ऐकायला बरं वाटतं, पण जरा बघा कोण जिंकतं. ज्या घरात रोज वेफर्सची पाकिटं फुटतात, थंड पेयाच्या बाटल्या येतात, त्या घरचं पोरगं जिंकतं. ज्या घरात भाकरी-कालवण खाऊन पोरं शाळेत येतात, दूध घरच्या गायीचं असतं, त्या घरात प्लास्टिक असतंच किती? ते पोरगं शेवटी येतं. म्हणजे जास्त कचरा करणाऱ्याला बक्षीस आणि कमी कचरा करणाऱ्याला काहीच नाही! शिवाय नंबर यावा म्हणून पोरं रस्त्यावर, गटारीत, उकिरड्यात हात घालतात. काच लागते, सुई टोचते. त्या बक्षिसापेक्षा धनुर्वाताचं इंजेक्शन महाग पडतं.

म्हणून मी म्हणते, ढिगाला बक्षीस नको, सवयीला द्या.

इतरांनी काय केलं

हे मी मनानं सांगत नाही. लोकांनी करून बघितलेलं आहे.

पुण्यात ‘सागरमित्र’ नावाचं अभियान शाळांमधून चालवलं गेलं. विनोद बोधनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उभं केलं. त्यातली पद्धत अगदी साधी. मुलानं रस्त्यावरचं काही उचलायचं नाही. फक्त आपल्या घरातलं प्लास्टिक रिकामं करायचं, स्वच्छ करायचं, कोरडं करायचं आणि घरीच एका पिशवीत साठवायचं. महिन्यातून एकदा शाळेत न्यायचं. तिथून ते पुनर्वापर करणाऱ्याकडं विकलं जातं. पुण्याला समुद्र नाही, मग नाव सागरमित्र का? कारण मुळा-मुठेत टाकलेली पिशवी भीमेत जाते, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेतून समुद्राला. आपल्याकडंही तेच आहे. ओझरची बाणगंगा गोदावरीच्या खोऱ्यातली. पावसाळ्यात पुलाखालून जे वाहून जातं ते पुढं गोदावरीचं होतं. आपल्याच निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला पक्षी बघायला लांबून लोक येतात. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा आहे ती. आपल्या गल्लीतली पिशवी त्या पाण्याला जाऊ नये, एवढं तरी आपण करू शकतो.

आसाममध्ये गुवाहाटीजवळ ‘अक्षर’ नावाची शाळा आहे, 2016 मध्ये सुरू झालेली. तिथं आजूबाजूचे लोक थंडीत शेकायला प्लास्टिक जाळायचे. तो धूर वर्गात यायचा. शाळेनं फीच्या ऐवजी प्लास्टिक मागायला सुरुवात केली. प्रत्येक मुलानं आठवड्याला घरातल्या प्लास्टिकच्या 25 वस्तू आणायच्या. बघा, इथं जो जास्त आणेल तो पहिला असं नाही. सगळ्यांना सारखंच आणि दर आठवड्याला. आपल्याकडं किती घरांत अजून चूल पेटवायला दुधाची पिशवी लावतात? तो धूर आधी चुलीपुढं बसलेल्या बाईच्या छातीत जातो, मग मांडीवरच्या लेकराच्या.

तिसरं उदाहरण तर आपल्यासारख्याच बायकांचं. छत्तीसगडमध्ये अंबिकापूर शहर आहे. तिथं घरोघरचा कचरा गोळा करणं, वेगळा करणं आणि विकणं हे काम बचत गटांच्या बायका करतात. 2019 मध्ये तिथं एक कॅफे निघाला. एक किलो प्लास्टिक आणून दिलं की जेवण, अर्धा किलोला नाश्ता. पण लक्षात घ्या, कॅफे नंतर आला. बायकांनी वर्षानुवर्षं कचरा वेगळा करून शहराला शिस्त लावली होती, म्हणून त्या कॅफेला अर्थ आला.

ओझरला हे नवं नाही

आता कुणी म्हणेल, ते पुणे, ते आसाम. आपल्याकडं कोण ऐकतंय? मैत्रिणींनो, ओझरनं याच्यापेक्षा अवघड गोष्ट करून दाखवली आहे. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नव्हतं. वरचे घेत, खालचे बघत. समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये यांनी आणि भरत कावळे यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी लोकांना एकत्र केलं आणि 1990 नंतर इथं पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. बाणगंगा, महात्मा फुले, जय योगेश्वर ही त्यांची नावं तुमच्या घरातल्या पुरुषांना तोंडपाठ असतील. त्यांनी केलं काय? पाणी मोजून घेतलं, मोजून वाटलं आणि त्याचा हिशेब लिहिला. राज्यातून आणि बाहेरून लोक ते बघायला आले.

त्यातून आपण एवढंच घ्यायचं की जे सगळ्यांचं आहे ते मोजलं, लिहिलं आणि नियमानं चालवलं तर टिकतं. पाण्याचं टिकलं. आपल्या बचतीचं टिकलं. मग कचऱ्याचं का टिकणार नाही?

आणि स्पर्धेनं गाव बदलतं, हेही महाराष्ट्रानं पाहिलंय. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान 2000-01 पासून सुरू झालं. बक्षीस एका माणसाला नव्हतं, अख्ख्या गावाला होतं. म्हणून अख्खं गाव हातात झाडू घेऊन उतरलं. पण काही ठिकाणी असंही झालं की समिती येणार म्हणून गाव लखलखीत आणि समिती गेली की पुन्हा जैसे थे. खुद्द गाडगेबाबा गावात गेले की आधी झाडू हातात घ्यायचे आणि मग कीर्तनाला उभे राहायचे. ते कुणी बघायला येणार म्हणून नव्हतं. राज्य सरकारनं ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ ही स्पर्धाही घेतली. 2024 च्या सुरुवातीला तिचा पहिला टप्पा झाला. तालुक्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला तीन लाख रुपये होते. त्यात स्वच्छतेलाही गुण होते. अशी स्पर्धा असली की आपल्या शाळेनं जरूर भाग घ्यावा. पण तपासणी पंधरवड्याची असते आणि पोरांची सवय जन्माची. आपली स्पर्धा दुसऱ्या गोष्टीसाठी असावी.

स्पर्धेची पंचसूत्री

आपल्या गटाची पंचसूत्री लहान पोरीलाही पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब. तशीच या स्पर्धेची पंचसूत्री मी मांडते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर बदला.

पहिलं सूत्र : स्पर्धा वर्गाची, एकट्या मुलाची नाही. वर्गात 40 मुलं असतील तर त्यातल्या किती मुलांनी या महिन्यात पिशवी आणली, त्यावर गुण. 40 पैकी 38 आले तर तो वर्ग पुढं. मग पिशवी पावशेरची असो की मूठभर. ज्याच्या घरात प्लास्टिक नाहीच त्यानं कागद, पुठ्ठा, पत्र्याचा डबा आणावा. तेही नसेल तर “या महिन्यात घरात काही निघालं नाही” असं सांगावं. त्याला पूर्ण गुण. खरं म्हणजे तोच पहिला.

दुसरं सूत्र : रिकामं, स्वच्छ, कोरडं. भंगाराचा भाव यावर ठरतो. दुधाची पिशवी विसळलेली असेल तर तिला किंमत, आंबलेली असेल तर तिला कुणी हात लावत नाही. पाणी वाया घालवू नका, भांड्यांचं शेवटचं पाणी चालतं. विसळा आणि दोरीवर वाळत घाला. आणखी एक बारीक गोष्ट. पिशवीचा कोपरा पूर्ण कापून काढू नका. एका बाजूनं लागलेला राहू द्या. तो कोपरा एकदा पडला की परत सापडत नाही. गाईच्या पोटात जातो नाहीतर ओढ्यात. ही गोष्ट मुलं घरी येऊन आजीला शिकवतात आणि आजी ऐकते. तुम्ही-आम्ही सांगून ऐकत नाही!

तिसरं सूत्र : वेगळं करायला गुण. पाण्याची बाटली एकीकडं, दुधाची पिशवी एकीकडं, जाड प्लास्टिकचे डबे-टोपणं एकीकडं, कागद-पुठ्ठा वेगळा, पत्रा आणि ॲल्युमिनियम वेगळं. ॲल्युमिनियमचं तर असं आहे की जुनं वितळवून नवं करायला खनिजापासून करण्याच्या मानानं वीज 95 टक्के कमी लागते. म्हणून भंगारवाला त्याला चांगला भाव देतो. चौथीच्या पोरांना हे पाच ढीग करता आले पाहिजेत. यात परिसर अभ्यास आहे आणि वजन-मापाचं गणितही आहे.

चौथं सूत्र : वेफर्सच्या पाकिटांचा आकडा खाली आला पाहिजे. चकचकीत पाकिटात प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते सुटत नाहीत, म्हणून आपला भंगारवाला ती घेत नाही. त्यांचं पुढं फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण होतं. म्हणजे त्यांचा पुनर्वापर नाही, त्यांना आळाच घालायचा. वर्गानं शाळेच्या आवारात सापडलेली पाकिटं दर महिन्याला मोजायची. जुलैत 120 असतील आणि डिसेंबरात 40, तर बक्षीस त्या वर्गाला. शेंगदाण्याची चिक्की, मुरमुऱ्याचे लाडू, घरचे शंकरपाळे डब्यात गेले तर हे होईल. आणि हे पदार्थ बनवणारे गट या बैठकीतच बसलेत. समजलं ना मला काय म्हणायचंय?

पाचवं सूत्र : वर्षभर आणि लिहून. एका दिवसाची मोहीम नको. दर महिन्याचा एक ठरलेला शनिवार. एक वही. तारीख, वर्ग, किती मुलं, काय-काय, किती किलो, काय भाव, किती रुपये. ही वही पाचवी ते आठवीच्या मुलांनी लिहायची. आपल्या गटाच्या वह्या लिहून-लिहून आपण व्यवहार शिकलो. पोरं आठवीतच शिकतील.

काय आणायचं नाही

हा भाग जरा लक्ष देऊन ऐका. आपला भाग द्राक्षाचा आहे. बागेत औषधाच्या रिकाम्या बाटल्या, डबे, पुड्या पडलेल्या असतात. दिसायला चांगल्या, जाड, वजनदार. वजनाची स्पर्धा लावली की पोरगं पहिलं तेच उचलतं. औषधाची बाटली कितीही धुतली तरी शाळेत येता कामा नये. मुलानं तिला हातही लावायचा नाही. तशाच इंजेक्शनच्या सुया, औषधांच्या काचेच्या कुप्या, फुटकी काच, ट्यूबलाइट, बल्ब, बॅटरीचे सेल, सॅनिटरी पॅड, डायपर. यातलं काहीही नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन वेगळे भाग सांगितले होते. मुलांचा हात फक्त स्वच्छ सुक्याला. ठिबकच्या नळ्या आणि मल्चिंग पेपर हे मोठ्या माणसांचं काम, ते शेतमालकानं बघायचं.

ही यादी मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक वर्गात लावायची. यादी लागल्याशिवाय स्पर्धा सुरू करायची नाही.

पैशाचं काय?

हिशेब सरळ करू. समजा 300 मुलांची शाळा आहे आणि प्रत्येक मुलानं महिन्याला सरासरी 200 ग्रॅम सुका कचरा आणला. झाले 60 किलो. दहा महिन्यांत 600 किलो. भाव वर-खाली होतो, पण सोपं म्हणून किलोला दहा रुपये धरले तर वर्षाचे सहा हजार. यात कुणी श्रीमंत होणार नाही. पण त्या पैशात वाचनालयाला पुस्तकं येतील, किंवा जिंकलेल्या वर्गाची नांदूर मध्यमेश्वरला सहल निघेल. बक्षीस म्हणून प्लास्टिकची ढाल आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कंपास नको, एवढं मात्र बघा. आणि खरा फायदा त्या 600 किलोंचा आहे. ते जळालं नाही, गाईनं खाल्लं नाही, बाणगंगेला गेलं नाही.

पैसे कुणाच्या हातात राहायचे नाहीत. वजन होताना शिक्षक, आपली एक सदस्य आणि दोन मुलं हजर. पावती तिथंच. रक्कम फळ्यावर लिहायची. पैशाचा व्यवहार उघड्यावर केला की संशय राहत नाही, हे आपल्या गटानंच आपल्याला शिकवलंय.

गुरुजी-बाईंवर आधीच ऑनलाइन माहिती भरायचं ओझं आहे. त्यांना हे नवं काम म्हणून सांगितलं तर ते नाही म्हणतील आणि त्यांचं चुकणार नाही. म्हणून दर महिन्याच्या त्या शनिवारी गटाच्या दोन सदस्य शाळेत जातील, काटा नेतील, वजन करतील. पाळी लावली तर एकीच्या वाट्याला वर्षातून एखाद-दुसरी वेळ येईल.

एक गोष्ट फार जपायची

शेवटचा मुद्दा. आपल्या गावात भंगार वेचून घर चालवणाऱ्या बाया आहेत. त्यांची मुलं याच शाळांत शिकतात. कचऱ्याची स्पर्धा लागली की वर्गात कुणीतरी त्या पोरीला म्हणतं, “तुझ्या आईचं काम.” आणि ती पोर दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही. असं झालं तर आपण कितीही किलो गोळा केलं तरी ती स्पर्धा वाया गेली.

पुण्यात 1993 मध्ये कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची संघटना उभी राहिली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. डॉ. बाबा आढाव त्यांच्या पाठीशी होते. या कष्टकऱ्यांना महापालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रं मिळाली. पुढं 2008 मध्ये त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि त्या घरोघरचा कचरा रीतसर गोळा करू लागल्या. त्या भीक मागत नाहीत. गावाचं काम करतात. कुठली वस्तू कशाची, कुणाला विकली जाते, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं आपल्यात कुणालाच कळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. पहिल्या शनिवारी मुलांना पाच ढीग कसे करायचे हे शिकवायला याच बायांपैकी एकीला बोलवा. साधं नाही, पाहुणी म्हणून. खुर्ची द्या, नारळ द्या, चहा द्या आणि तिच्या वेळेचे पैसे द्या. माल विकायचाही तिच्यामार्फत, म्हणजे आपल्या स्पर्धेनं तिच्या पोटावर पाय येणार नाही. ज्या दिवशी तिची मुलगी वर्गात मान वर करून बसेल, त्या दिवशी पोरं कचऱ्याबद्दल खरं काहीतरी शिकली असं म्हणू.

तर मैत्रिणींनो, मी तीन गोष्टी ठरावासाठी ठेवते. एक, प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या एका शाळेशी जूनमध्ये बोलावं. सगळ्या शाळा नकोत, एकच. दोन, पंचसूत्री आणि ‘काय आणायचं नाही’ ही यादी व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून इतिवृत्तात लिहून घ्यावी. तीन, शाळेत सांगण्याआधी एक महिना आपल्या प्रत्येकीच्या घरात खिळ्याला एक पिशवी लटकलेली असावी. पोरं आपण सांगतो ते करत नाहीत, आपण करतो ते करतात.

जानेवारीच्या बैठकीत वह्या घेऊन या. किलो किती झाले ते मी विचारणार नाही. किती पोरांनी सहाही महिने पिशवी आणली, तेवढं सांगा.

आता चर्चा करू. कुणाला काही अडचण वाटत असेल तर मोकळेपणानं बोला.